बारा तारखेपर्यंत

मी मॅट्रिक आहे. हल्ली याला दहावी म्हणतात. पण आमच्या घरात वडिलांच्या तोंडी मॅट्रिक हाच शब्द होता आणि मलाही तोच बरा वाटतो. दहावी म्हटले की ‘मग अकरावीचे काय झाले?’ असे कोणीतरी विचारतेच. मॅट्रिक म्हटले की माणसे पुढचे विचारीत नाहीत. शिक्षण तिथे रीतसर संपले असावे अशी त्यांची समजूत होते. या शिदोरीवर मी शाळेत मास्तर कसा झालो, ही निराळी कथा आहे. ती मी एका कादंबरीत जशीच्या तशी लिहून टाकली, आणि वाचकांना सबंध पुस्तकात तेवढीच काय ती खोटी वाटली.

असा हा मॅट्रिक मास्तर गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी विद्यापीठाच्या मुलांना शिकवतो. शिकवतो तेही मराठी नव्हे, संगणक. हे वाक्य लिहिताना मला अजून थोडे चोरट्यासारखे होते.

हा उद्योग माझ्या अंगावर पडला तो कादंबरीमुळेच. प्रकाशकाने एकदा कळवले की हाताने लिहिलेला मजकूर आता चालणार नाही. तो युनिकोडमध्ये टंकून पाठवा. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात सुरू झाला, आणि पुढे नोकरीतल्या माणसाला तो चुकला नाही. तसा मलाही चुकला नव्हता. पण त्यातून माझ्या हाती राहिले होते ते एक प्रमाणपत्र आणि माउस धरण्याची लकब. आता मात्र बोटे वळवावी लागली. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत, हे ध्यानात आल्यावर मला त्या यंत्राविषयी पहिल्यांदा माया वाटली. ज्याने कोणी हे बसवले, त्याने बाराखडी मन लावून पाहिली असली पाहिजे.

पुढे कुतूहल वाढत गेले. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नावाचे छोटे छोटे पाठ केले आहेत. त्यांतले पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. रात्री जेवणे झाल्यावर मी ते ऐकू लागलो. वाचता वाचता एक मौज कळली. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या देखरेखीखाली ‘परम’ हा महासंगणक तयार झाला तो १९९१ साली. ज्यामुळे आपली देवनागरी जगातल्या कोणत्याही संगणकावर उमटू लागली, त्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तीही १९९१ सालीच. आणि मी मुलांना जी भाषा शिकवतो ती पायथन, गीडो व्हान रोसम या डच गृहस्थाने जगापुढे ठेवली, तेही १९९१ साल. त्या वर्षी मी मराठी शाळेत पाढे म्हणत होतो आणि आमच्या वाडीत वीज यायची होती. आपल्या आयुष्याला पुढे जे वळण लागायचे, त्याची तयारी कुठेतरी दूर आधीच चाललेली असते, आणि आपण ओट्यावर बसून एकोणीस साते म्हणत असतो.

आमचे गाव भंडारदऱ्याच्या धरणाजवळ. खोलीच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसते. आषाढात तीही दिसत नाही, नुसते धुके दिसते. हे दगडी धरण प्रवरेवर १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते. आणि वर आमच्या वर्गातली वीज पहिल्या पावसाबरोबर जाते. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. डोंगर, झाडे आणि वारा यांच्यातून तारा न्यायच्या म्हणजे असे व्हायचेच. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या मुलांना मात्र समजावून द्यावी लागत नाही.

वर्गात सात मुले. शेंडी, मुतखेल, मुरशेत, रतनवाडी, घाटघर अशा गावांची. कोणी बी.ए.ला, कोणी बी.कॉम.ला, दोघे बी.एस्सी.ला. आठवडाभर बाहेरगावी कॉलेजात असतात, शनिवारी घरी येतात. सगळ्यांना संगणक हा विषय कुठल्या ना कुठल्या रूपाने असतोच. शाळेतले चार जुने संगणक मला मिळाले आहेत. दोन चालतात, उरलेल्या दोघांचे वागणे पाहुण्यांसारखे आहे.

पहिल्या दिवशी मी विचारले, “संगणक म्हणजे काय?” सातही जणांनी एका सुरात व्याख्या म्हटली. रतनवाडीच्या मुलीने तर फळ्यावर चौकटी काढून बाणसुद्धा दाखवले. मी म्हटले, “आता एक ओळ लिहा, ती साठवून ठेवा आणि यंत्र बंद करून पुन्हा उघडून दाखवा.” ओळ लिहिली गेली, साठवलीही गेली, पण ती कुठे साठवली, हे एकालाही सांगता येईना. ही मुले मोबाइलवर वाढलेली. तिथे वस्तू कुठे आहे हे विचारायचेच नसते. ती समोर येते. त्यांनी प्रोग्रॅमही शिकले होते, पण वहीत. परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर शाईने लिहायचा असतो. तो चालतो की नाही हे कागद सांगत नाही. म्हणून मुले तो श्लोकासारखा पाठ करतात आणि एखादा अर्धविराम सुटला तर जशी मात्रा चुकावी तशी हळहळतात.

मी फळ्यावर पोस्टाचा पत्ता लिहिला. मुक्काम शेंडी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. “संगणक हाच पत्ता उलटा वाचतो,” मी म्हटले. “आधी जिल्हा, मग त्याच्या पोटात तालुका, त्याच्या पोटात गाव, आणि गावात तुमचे घर. फोल्डर म्हणजे एवढेच.” घाटघरच्या मुलाने हात वर केला. “सर, फोल्डरचं नाव बदललं तर?” मी म्हटले, “२०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तुझे घर हलले का?” वर्ग हसला. पण क्षणभराने तोच मुलगा म्हणाला, “घर नाही हललं, पण जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही.” मी जे सांगणार होतो, त्याच्या पुढची पायरी त्याने सांगितली होती. असे झाले की मॅट्रिक माणसाच्या पोटात गोळाही येतो आणि आनंदही होतो.

बी.एस्सी.च्या मुलाशी माझे खरे भांडण झाले ते एका ओळीवरून. मी लिहिले होते, ‘क्ष = क्ष + १’. तो उभा राहून म्हणाला, “सर, हे खोटं आहे. क्ष हा क्ष अधिक एक कधीच असू शकत नाही.” त्याचे बरोबर होते. बीजगणितात ती ओळ लिहिली तर मास्तर कान धरील. मी त्याला वाण्याच्या खात्याची गोष्ट सांगितली. शिल्लक म्हणजे एक नाव घातलेले मडके आहे. आजची शिल्लक म्हणजे कालची शिल्लक अधिक आजची जमा. ते चिन्ह ‘बरोबर आहे’ असे म्हणत नाही. ‘उजवीकडचे मोजून डावीकडच्या मडक्यात ओत’ असे म्हणते. त्याला ते पटले, पण तो म्हणाला, “मग चिन्ह दुसरं घ्यायचं होतं.” कित्येक थोर माणसांनी हीच तक्रार केली आहे, हे मला त्याच रात्री वाचताना कळले.

मुलांना सर्वांत आनंद झाला तो निराळ्याच गोष्टीचा. पायथनमध्ये मडक्याला मराठी नाव देता येते. ‘मजुरी’, ‘पोती’, ‘दिवस’ अशी नावे देवनागरीत लिहिली तरी ते कुरकुरत नाही. २००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. प्रश्न विचारल्यावर मराठी आकड्यात उत्तर टंकले आणि त्याचा आकडा करायला सांगितले, तर ‘५’ म्हणजे पाच हेही त्याला समजते. मात्र आकडा करायला सांगावे लागते. मुतखेलच्या मुलीने ते सांगितले नाही, आणि पाच पोती अधिक तीन पोती यांचे उत्तर त्रेपन्न आले. यंत्राने पाचापुढे तीन नुसते चिकटवले होते. “एवढा भात झाला तर बरंच आहे की, सर,” ती म्हणाली.

हीच ती मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंगाने बारकी; बोलते कमी. तिच्याविषयीच हे सारे लिहायला घेतले आहे, आणि तिच्यापर्यंत यायला मी एवढी वाट वाकडी केली यातच काय ते समजावे.

मुलांना मी पुस्तकातली उदाहरणे देत नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही सोपी भाषा तयार केली. केवळ शास्त्राच्या नव्हे, तर सगळ्याच शाखांच्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा हा त्यांचा हेतू होता. ते वाचल्यापासून मी ठरवले की माझ्या बी.ए.च्या मुलांनी संख्यांच्या कोड्यांत शिरण्याऐवजी आपल्या गावचे हिशेब करावेत. धरणाचा पूर्ण साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात रोज सकाळी पाण्याचा आकडा येतो. तो घालायचा आणि धरण किती टक्के भरले ते काढायचे. मग दुसरा हिशेब. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. हजार क्युसेकने पाणी सोडले तर दिवसाला ८६.४ दशलक्ष घनफूट जाते. वरून थेंबही आला नाही आणि तळातले पाणीही निघते असे धरले, तर भरलेले धरण किती दिवस पुरेल? भागाकार १२७.७६ येतो. एकाने उत्तर १२७ दिले, दुसऱ्याने १२८. दोघेही हट्टाला पेटले. मी म्हटले, “पूर्ण दिवस किती मिळाले असे विचारले तर १२७. कितव्या दिवशी कोरडे पडेल असे विचारले तर १२८व्या. आधी प्रश्न नीट विचारा.” हे वाक्य मला स्वतःला फार आवडले होते. आठ दिवसांनी ते माझ्यावरच उलटायचे होते, हे मला कुठे माहीत?

पुढच्या रविवारी मी सांगितले, “आपल्या घरातला एक हिशेब घेऊन या आणि त्याचा प्रोग्रॅम करा.” एकाने दुधाचा आणला, एकाने वडिलांच्या हॉटेलातल्या सिलिंडरचा. मुतखेलच्या मुलीने आईच्या आवणीच्या मजुरीचा आणला.

आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. जुलैच्या पावसात बाया इरली पांघरून, आणि आता प्लास्टिकचे कागद पांघरून, गुडघाभर चिखलात वाकतात त्या संध्याकाळीच ताठ होतात. मुलीने लिहिले होते: रोज तीनशे रुपये; दिवस पाच तारखेपासून बारा तारखेपर्यंत. तेवढे दिवस मोजण्यासाठी तिने ‘रेंज’ हा शब्द वापरला होता आणि कंसात आकडे घातले होते ५ आणि १३. उत्तर आले होते २,४००.

मी तिच्या पाठीमागे उभा होतो. मी पाहिले आणि म्हटले, “तेरा कुठून आले?”

ती काही बोलली नाही.

“काम बारा तारखेपर्यंत ना? तेरा तारखेला कोण होते शेतात?”

“कोणी नव्हतं, सर.”

“मग? बारातून पाच गेले किती?”

“सात.”

“सात त्रिक?”

“एकवीस.”

तिने तेरातला तीन पुसला आणि दोन घातला. पडद्यावर २,१०० उमटले. ती पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आता जुळलं, सर.”

मी “शाबास” म्हटले. खरोखरच म्हटले. आणि पुढच्या बाकाकडे वळलो. दहा मिनिटांनी वीज गेली, वर्ग सुटला.

घरी येताना छत्रीवर पाऊस वाजत होता आणि माझ्या डोक्यात एक शब्द घोळत होता: जुळलं. कशाशी जुळलं? हिशेब बरोबर आला की मुले ‘आलं’ म्हणतात. जुळायला समोर दुसरा आकडा असावा लागतो. रात्री जेवताना मला तो आकडा सापडला, आणि घास हातात राहिला. पाच तारीख ते बारा तारीख. रोज तीनशे. मुतखेलच्या बाया. ती आवणी माझ्याच खाचरांतली होती. २,१०० रुपये मीच तिच्या आईच्या हातावर ठेवले होते.

मी उठून संगणक उघडला. रेंजमधला शेवटचा आकडा पायथन धरत नाही. हे मी स्वतः मुलांना शिकवले होते. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बारा तारीख मोजायची असेल तर तेरा लिहावे लागतात. मुलीने माझाच धडा लक्षात ठेवून तेरा लिहिले होते. आणि मी, तो धडा शिकवणारा मास्तर, पाचवीच्या वजाबाकीने तिचे बरोबर उत्तर पुसायला लावले होते. मग मी बोटांवर मोजले. पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आठ बोटे.

माझी आई निरक्षर आहे. बायांच्या रोजांचा हिशेब ती ओसरीच्या भिंतीवर ठेवते. संध्याकाळी चुन्याच्या डबीत बोट बुडवून जितक्या बाया तितके ठिपके एका ओळीत देते. दुसऱ्या दिवशी खाली दुसरी ओळ. मी बॅटरी घेऊन ओसरीवर गेलो. पाच पाच ठिपक्यांच्या ओळी होत्या. आठ ओळी. मग मला आठवले की पैसे वाटायच्या दिवशी आई काहीतरी म्हणाली होती. “आठ वळी हायेत रं,” असेच म्हणाली होती. पाऊस कौलांवर कोसळत होता, मी मोबाइलवर वजाबाकी करीत होतो, आणि मी म्हटले होते, “आई, तारखा लिहून ठेवल्यात मी.” लिहिलेले बरोबर आणि ठिपक्यांचे अडाणी, हा भेद मी विचारसुद्धा न करता केला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. एकदा माणूस मोजायला लागला म्हणजे सगळीकडे तीच चूक दिसू लागते. आपण ज्याला आठवडा म्हणतो त्यात दिवस सात असतात. पण या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, दोन्ही बाजार धरून, बोटे मोजली तर आठच भरतात. घट बसतात तेव्हापासून दसऱ्यापर्यंत रात्री नऊ आणि दिवस दहा. कुंपणाला दहा खांब पुरले तर मधल्या जागा नऊ. वजाबाकी मधल्या जागा मोजते. आणि माणूस राबतो तो खांब धरून. बाई पाच तारखेला चिखलात उतरते आणि बारा तारखेलाही उतरते. सरकारी सूचनेत ‘दोन्ही दिवस धरून’ असे शब्द असतात. ते मला आजवर कारकुनी पाल्हाळ वाटत आले होते. कोणीतरी कधीतरी असाच फसला असेल आणि त्यानंतर ते शब्द आले असतील.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जगात ही चूक फार जुनी आहे. डायकस्ट्रा या डच पंडिताने १९८२ साली आपल्या हातच्या अक्षरात एक लहानसे टिपण लिहिले: मोजणी शून्यापासून का सुरू करावी. त्यात तो म्हणतो की पहिला आकडा धरावा आणि शेवटचा सोडावा, म्हणजे दोहोंची वजाबाकी केली की नेमकी संख्या येते. त्याने उदाहरण घेतले आहे ते दोनपासून बारापर्यंतच्या संख्यांचे, आणि शेवटी लिहिले आहे: तेराच्या आत. त्याचाही बारा, त्याचाही तेरा! ते वाचून मी अंधारात एकटाच हसलो. पण हसू फार टिकले नाही. तेरातून पाच गेले आठ. वजाबाकी करायचीच होती तर तेरातून करायची होती. मुलीच्या कंसात दोन्ही आकडे बरोबर लिहिलेले होते. मी फक्त वाचायचे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुतखेलला गेलो. पाचही बाया एकाच वाडीतल्या. मुलीची आई चुलीपाशी होती. मी पैसे पुढे केले आणि म्हटले, “वैनी, आवणीचा एक रोज राहिला होता. माझा हिशेब चुकला.”

तिने पदराला हात पुसले, पैसे घेतले, मोजले नाहीत. “आमीबी म्हनत व्हतो, गुरुजी, आठ रोज भरल्यात,” ती म्हणाली. “पर तुमच्या कागदावर तारखा व्हत्या. म्हटलं, कागदाचं कसं चुकंल?”

मला बसवेना. मुलगी शनिवारीच येणार होती, हे त्यातल्या त्यात बरे होते.

रविवारी वर्ग भरल्यावर मी पहिल्यांदा फळ्यावर ५ आणि १३ लिहिले आणि मुलांना सगळे सांगितले. शेत माझे होते हेही सांगितले. हे सांगताना घशाला कोरड पडली होती. मास्तराने आपली चूक सांगावी असे आपण म्हणतो. पण ती चूक फळ्यावरची असते तोवर ते सोपे असते. मुले खाली पाहत होती. मग मी त्या मुलीला विचारले, “तुला ठाऊक होते का, की तेराच बरोबर आहेत?”

ती बराच वेळ बोटाने बाकावर काहीतरी रेघाटत होती. मग म्हणाली, “आईनं एकवीसशे आणले होते, सर. माझं चोवीसशे येत होतं. दोन-तीनदा करून पाहिलं. मला वाटलं, माझंच चुकलं.”

ती रडली नाही, रागावलीही नाही. खाली मान घालून तिने दोन पुसला आणि तीन घातला. २,४०० उमटले. घाटघरचा मुलगा हळूच म्हणाला, “आता जुळलं.” कोणी हसले नाही.

माझ्या वर्गाचे खरे दुखणे मला त्या दिवशी कळले. यंत्र आज्ञा पाळते यात नवल नाही. त्याला त्यासाठीच केले आहे. पण माझी मुलेही तशीच शिकून आली होती. वहीतला प्रोग्रॅम चालत नसेल तरी तो बरोबर, कारण तो दिलेला आहे. आणि आपला चालत असेल तरी तो चूक, कारण मास्तर तसे म्हणाले. बरोबर असलेले उत्तर स्वतःच्या हाताने पुसून समोरच्या माणसाच्या चुकीशी जुळवून घ्यायचे, हे त्यांना कोणत्याही भाषेहून अधिक चांगले येत होते. तेव्हापासून वर्गात एक नियम केला आहे. मी ‘चुकले’ म्हटले की मुलाने लगेच पुसायचे नाही, आधी ‘का?’ विचारायचे. पहिल्या दोन रविवारी कोणी विचारले नाही. तिसऱ्या रविवारी बी.एस्सी.च्या मुलाने विचारले, पण तो पहिल्यापासूनच भांडखोर. मुतखेलच्या मुलीने विचारायला भाद्रपद उजाडला. तिने विचारले तेव्हा माझेच बरोबर निघाले, आणि तिला ते पटवून देता देता अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला सबंध वर्षात सर्वांत मोलाचा वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. वडील गेल्यापासून गेली पाच वर्षे आवणीचा हिशेब मीच करतो, आणि दरवर्षी वजाबाकीनेच केला आहे. तारखा मला आठवत नाहीत. पण त्या आठवायची गरजच नाही, हे या चुकीचे वैशिष्ट्य. पाच ते बारा असो की दहा ते वीस, वजाबाकी नेमका एकच दिवस खाते. म्हणजे यंदाचा मिटला तरी मागल्या चार वर्षांचे दरवर्षी एक रोज देणे आहे. कोणाकोणाचे, हे भिंतीवर होते. परंतु दिवाळी आली की आई ओसरी चुन्याने पांढरी करते, आणि मागले ठिपके चुन्याखाली जातात.

आईला नावे तोंडपाठ होती. तिने एकेका वर्षाच्या बाया बोटांवर मोजून सांगितल्या. मी वहीत उतरवून घेतल्या. दोघीतिघींनी पैसे घेताना मला वेड्यात काढले. एक बाई गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलाच्या हातावर तिचे दोन रोज ठेवले तेव्हा तो म्हणाला, “कसले पैसे, गुरुजी?” मी त्याला बारा आणि तेराची गोष्ट सांगू लागलो. मध्येच थांबलो आणि म्हटले, “तुझ्या आईचे राहिले होते.” त्याने ते डोळ्यांना लावले आणि खिशात ठेवले.

हे लिहितो आहे तेव्हा पाऊस उघडला आहे, खाचरे पिवळी पडली आहेत आणि आईने चुना भिजत घातला आहे. मी तिला म्हटले, “एवढा एक कोपरा यंदा राहू दे.” ती म्हणाली, “दिवाळीला भिंत कळकट ठेवायची व्हय?” तिचे बरोबर आहे. म्हणून मी काल वही घेऊन ओसरीवर बसलो आणि आठही ओळींतले ठिपके जसेच्या तसे वहीत काढून घेतले. दिवाळी झाली की कापणी सुरू होईल. पहिल्या दिवशी आई चुन्याच्या डबीत बोट बुडवील आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पांढरा ठिपका उमटणार नाही, म्हणून दरवर्षीप्रमाणे थोडी हळद कालवील. कापणी कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते आज सांगता येत नाही. पैसे वाटायच्या दिवशी ठिपके मोजायला मुतखेलच्या त्या मुलीला बोलावले आहे. तिने विचारले, “का, सर?”